१४ फुटी ॲल्युमिनियम बोटीत फ्लोअर आणि कन्सोल: आधी तिसऱ्या माणसाचं ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोट १४ फुटी, ॲल्युमिनियमची, खालून व्ही आकाराची. आत तीन आडवी बाकं, मागे हाताने वळवायचं २० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेलं इंजिन. मधलं बाक काढून सपाट फ्लोअर टाकायचा, मधोमध स्टिअरिंगचं कन्सोल (चाक आणि कंट्रोल लावलेला डबा) बसवायचं, नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, उभं राहून गळ टाकता येईल असा उंच डेक करायचा आणि तिघांनी मासेमारीला जायचं. आणि यासाठी प्लायवूड किती जाडीचं घ्यावं, एवढंच तुम्ही विचारलं आहे.

जाडीचं उत्तर सोपं आहे. खालचे आधार ४० सेंटीमीटरवर असतील तर १२ मिलिमीटर पुरतं. पण तुमची अडचण जाडीची नाहीच. तुमच्या यादीतली प्रत्येक गोष्ट बोटीत वजन वाढवते, त्यातल्या दोन ते वजन वर नेतात, आणि एक गोष्ट, ते मधलं बाक, बोटीचा आधार आणि तिचा तरंगायचा विमा एकाच वेळी काढून घेते. मी अशा बोटींची कामं बरीच वर्षं करतो आहे. यातली बहुतेक सगळी मूर्खपणाची कामं मी स्वतः एकेकदा करून बसलो आहे, त्यामुळे जरा लांबड लावतो.

आधी हिशेब. बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीवर माणसं, इंजिन आणि सामान मिळून ३६० किलो लिहिलंय असं तुम्ही म्हणता. यात बोटीचं स्वतःचं वजन धरलेलं नसतं, पण तुम्ही नंतर आत जे काही जोडाल ते सामानातच मोजायचं. ८० किलोचे तीन माणूस म्हणजे २४०. इंजिन साधारण ५०. बॅटरी २०. २५ लिटरची टाकी भरलेली असताना २२ धरा. नांगर, दोर, लाइफ जॅकेट, बर्फाची पेटी, गळांच्या पेट्या असं मिळून २५. झाले ३५७. उरले ३ किलो. आता फ्लोअर: ३ चौरस मीटर प्लायवूड, चौरस मीटरला ७ किलोच्या हिशेबाने २१. खालचे अँगल ८, वरचं आवरण ४. कन्सोलचा डबा १५, स्टिअरिंग, केबल आणि कंट्रोल बॉक्स मिळून १३, खुर्ची ८. बेरीज ६९. पुढचा डेक यात धरलेलाच नाही.

६९ किलो म्हणजे जवळजवळ एक माणूस. तुम्ही बोटीत कन्सोल बसवत नाही आहात, तिसऱ्या मित्राला उतरवून त्याच्या जागी कन्सोल बसवता आहात. दोघांनीच जायचं असेल तर हे काम अगदी छान होतं. तिघांनीच जायचं असेल तर कन्सोलचा नाद सोडा, बाकं ठेवा आणि मधे मधे हलक्या फळ्या टाका. इथे मधला मार्ग नाही. आकडे तुमच्या बोटीचे थोडे वेगळे निघतील, माणसं ६५ किलोची असतील, इंजिन जुनं टू-स्ट्रोक आणि हलकं असेल, पण बेरीज आधी कागदावर मांडा. लाकूड कापल्यावर मांडलेली बेरीज नेहमी आपल्या बाजूने चुकते.

कागदावर विश्वास बसत नसेल तर एक दिवस खर्च करा. २० लिटरचे पाण्याने भरलेले तीन-चार कॅन घ्या आणि जिथे कन्सोल, खुर्ची आणि फ्लोअर येणार तिथे बांधून ठेवा. मग नेहमीच्या माणसांसह, नेहमीच्या सामानासह, शांत पाण्यात काठाजवळ फिरून या. मी पूर्वी वाळूच्या गोण्या वापरायचो. पाणी बरं, कारण बोट जड वाटली तर कॅन उघडून रिकामा करता येतो. वाळूची ओली गोणी डुलत्या बोटीतून उचलून टाकणं म्हणजे कंबरेचं काम. हे वजन तळाशी पडलेलं असतं, म्हणून खरा कन्सोल यापेक्षा थोडा जास्तच डोलवेल, हे लक्षात ठेवा. काठ आणि पाणी यांतलं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. अनेकांचा बेत या एका फेरीतच बदलतो.

आता उंचीचं. खाली व्ही असलेल्या बोटीत सपाट फ्लोअर जितका वर न्याल तितका तो रुंद मिळतो, आणि तिथेच मोह होतो. कण्यापासून, म्हणजे तळाच्या मधल्या रेषेपासून, ८ सेंटीमीटरवर फ्लोअर अरुंद दिसतो, १५ वर ऐसपैस. पण बोट डोलते ती माणसांच्या वजनामुळे, आणि माणसं त्या फ्लोअरवर उभी राहतात. दोन माणसं म्हणजे १६० किलो, सगळी भरलेली बोट साधारण ४५५ किलो धरा. फ्लोअर १० सेंटीमीटर वर नेला की सगळ्या बोटीचा गुरुत्वमध्य साडेतीन सेंटीमीटरने वर जातो. हे बोट सहन करते. पुढच्या डेकवर बाकाच्या उंचीला, म्हणजे ४० सेंटीमीटर वर, दोघंही उभे राहिले तर तोच आकडा १४ सेंटीमीटर होतो. दीड मीटर रुंदीच्या बोटीला १४ सेंटीमीटर फार आहेत. शिवाय डेकवर उभं राहिल्यावर काठ घोट्याच्या आसपास येतो. तोल गेला तर टेकायला काही नाही. बसलेल्या माणसाला काठ कंबरेशी लागतो, तो आत राहतो. उभ्या माणसाला पोटरीशी लागला की तो बाहेर जातो.

माझं मत विचाराल तर उंच डेक सोडून द्या. पुढचं बाक तसंच ठेवा, त्याच्यापुढे नाळेत फ्लोअरपेक्षा फार तर १०-१५ सेंटीमीटर उंच एक पायरी करा. एकानेच उभं राहायचं, तेही बोट थांबलेली असताना.

आता त्या मधल्या बाकाकडे येतो, कारण खरी चूक तिथे होते. बाक बसायला असतं असं आपल्याला वाटतं. बनवणाऱ्याने ते दोन बाजूच्या पत्र्यांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवायला घातलेलं असतं. पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. बाक काढलं की लाटेवर आपटताना बाजू आतबाहेर श्वास घ्यायला लागतात. पहिल्या वर्षी काही दिसत नाही. दुसऱ्या वर्षी रिव्हेट ढिले होऊन झिरपायला लागतात, आणि मग माणूस सीलंटच्या नळ्या रिकाम्या करत बसतो.

दुसरं म्हणजे त्या बाकाच्या पोटातला फोम. सव्वा मीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि तेवढंच उंच बाक धरलं, खालचा व्ही वजा केला, तरी ९० ते १०० लिटर जागा होते. बुडालेला एक लिटर फोम जवळजवळ एक किलो उचलतो. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड, त्यामुळे ११० किलोची बोट पाण्याखाली ७० किलोच्या आसपास भरते. त्यात इंजिन, बॅटरी आणि नवे अँगल धरले तर पाण्याने भरलेली बोट, माणसं नसताना, नुसती तळाला जाऊ नये म्हणून साधारण १५० लिटर फोम हवा. त्यातले शंभर तुम्ही काढायला निघाला आहात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: “मग फ्लोअरखाली फोम भरतो.” किलोचा हिशेब जुळतो, पण जागा चुकते. पाणी भरलेल्या बोटीत फोम तळाशी असेल तर तो खालून वर ढकलतो आणि जड काठ, इंजिन, कन्सोल वर राहतात. अशी बोट तरंगते खरी, पण पालथी. फोम बाजूंना, काठाखाली, जमेल तितका वर आणि बाहेरच्या अंगाला हवा, म्हणजे पाणी भरल्यावरही बोट सरळ राहते आणि धरायला काठ मिळतो. फ्लोअरखालचा फोम वर्षभर ओलाही राहतो, पाण्याची तळातली वाट अडवतो, आणि खाली रिव्हेट झिरपतोय की नाही ते बघू देत नाही.

तुमच्या जुन्या फोमचाही भरवसा धरू नका. एका बोटीचं बाक मी उघडलं तेव्हा मालक म्हणाला होता, हल्ली बोट आळशी झाली आहे. वरची पट्टी काढली, फोमचा एक तुकडा सुरीने कापून बाहेर ओढला. ४० बाय ३० बाय ३० सेंटीमीटरचा तो तुकडा कोरडा असता तर सव्वा किलोच्या आत भरला असता. ताणकाट्यावर ९ किलो दाखवत होता. अंगठा दाबला तर पाणी निथळलं, तेही काळपट, कुबट. अशा पाच तुकड्यांत ४० किलो पाणी मालक दरवर्षी इकडून तिकडे वाहत होता. बाक उघडणारच असाल तर हे आधी बघा. बदलताना बंद पेशींचा, म्हणजे पाणी सहज आत न घेणारा, फोम घ्या. पांढरा किंवा रंगीत पॉलिस्टायरीनचा ठोकळा स्वस्त आणि सोपा, पण त्याला पेट्रोल लागलं की तो विरघळतो, त्यामुळे टाकीच्या आसपास तो नको.

मधलं बाक काढायचंच असेल तर एकच रीत मला पटते. दोन्ही बाजूंना काठाखाली लांबट पेट्या करायच्या, साधारण २० सेंटीमीटर रुंद, पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत. त्यात फोम भरायचा. पेटीची आतली भिंत खाली फ्लोअरच्या चौकटीला आणि वर काठाला अँगलने जोडायची, आणि जिथे बाक होतं तिथे दोन्ही बाजूंना त्रिकोणी पत्रे लावून बाजू फ्लोअरला बांधायची. बाक जे आडवं धरत होतं ते आता हे त्रिकोण आणि फ्लोअरची चौकट मिळून धरतात. यात जागेचा फायदा तुम्हाला वाटतो तेवढा उरत नाही, हेही सांगून ठेवतो. म्हणून बहुतेकांना मी म्हणतो, बाक राहू द्या, त्याचा मधला ३५-४० सेंटीमीटरचा भाग कापून वाट करा, कापलेल्या दोन्ही तोंडांना पत्र्याची भिंत लावा आणि खालून एक जाड चॅनल आडवा जाऊ द्या. दोन बाजूचे ठोकळे राहतात, फोम बराचसा राहतो, चालायला वाट मिळते आणि उजव्या ठोकळ्याला कन्सोल बांधायला आयता आधार.

हो, उजव्या. मधोमध कन्सोल या बोटीत बसत नाही. काठाला रुंदी दीड मीटर असली तरी फ्लोअरला ती मीटरभरच उरते. ५५ सेंटीमीटरचं कन्सोल मधे ठेवलं तर दोन्ही बाजूंना २२-२२ सेंटीमीटर. बूट घातलेला माणूस तिथून आडवा सरकतो, चालत नाही. उजवीकडे लावण्याला कारणंही आहेत. बहुतेक आउटबोर्डचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याची उलट पीळ बोटीला डावीकडे झुकवते. चालक उजवीकडे बसला की ते सावरतं. आणि पाण्यावर उजवीकडून आडव्या येणाऱ्या बोटीला वाट द्यायची असते, तेव्हा नजर त्या बाजूला मोकळी हवी.

कन्सोल विकत घेण्यापूर्वी इंजिनाचं मॉडेल तपासा. हाताने वळवायच्या काही इंजिनांना स्टिअरिंग आणि गिअर-थ्रॉटलच्या केबल जोडायचा संच मिळतो, काहींना मिळतच नाही. आणि दोरी ओढून सुरू होणारं इंजिन असेल तर कन्सोलवर बसून काय करणार? दर वेळी उठून मागे जायचं, दोरी ओढायची, परत यायचं. म्हणजे इलेक्ट्रिक स्टार्ट आला, मोठी बॅटरी आली. सुरू करताना इंजिन न्यूट्रलमध्येच सुरू व्हावं अशी अडवणूक कंट्रोल बॉक्समध्ये असली पाहिजे, आणि चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी नव्या जागेवर आली पाहिजे. हे दोन नसतील तर ते कन्सोल मी पाण्यात उतरवत नाही.

तुम्हाला कन्सोल का हवं आहे तेही विचारतो. “मागे बसलं की नाळ वर जाते, पुढचं दिसत नाही,” असं तुम्ही लिहिलं आहे. हे खरं आहे, पण त्याचं कारण स्टिअरिंग नाही, तुम्ही स्वतः आहात. इंजिन मागे, टाकी मागे, बॅटरी मागे आणि ८० किलोचे तुम्हीही मागे. बॅटरी आणि टाकी पुढच्या बाकाजवळ न्या, पण एकमेकींना लागून नको, आणि इंजिनाच्या दांड्याला ६०-७० सेंटीमीटरची लांब मूठ जोडून मधल्या बाकाजवळ बसा. वजन अर्धा किलो, काम अर्ध्या तासाचं. चार फेऱ्या अशा मारून बघा. माझ्याकडे कन्सोल करायला आलेल्या काही जणांचं काम इथेच संपलं, आणि माझं काम गेलं याचं मला वाईट वाटलं नाही. वजन पुढे न्यायचं तेही बेतानेच. नाळ फार जड झाली की ती लाटेत खुपसते आणि बोट पुढच्या टोकावर भिरभिरते.

तरीही कन्सोल हवंच असेल, आणि दोघांच्या बोटीत ते खरंच सुखाचं असतं, तर पुठ्ठ्याचं करून बघा. बोट ट्रेलरवर असताना मोठ्या खोक्यांचं कन्सोल उभं करा, स्वयंपाकघरातली ताटली चाक म्हणून चिकटवा, खुर्चीच्या उंचीचं काहीतरी ठेवा आणि अर्धा तास आत काढा. गळ हातात घेऊन वळा, जाळी उचला, मागे जाऊन इंजिन वर करून बघा. बसून चालवायचं तर कन्सोलची उंची फ्लोअरपासून ६५-७० सेंटीमीटर पुरते. प्रत्येकजण आधी ९० चं काढतो.

स्टिअरिंगच्या केबलची लांबी बोटीच्या लांबीवरून ठरत नाही, वाटेवरून ठरते. चाकापासून बाजूच्या काठापर्यंत, तिथून ट्रान्समपर्यंत (बोटीची मागची भिंत, जिला इंजिन टांगतात), तिथून इंजिनाच्या मध्यापर्यंत अशी तीन मापं घ्यायची, ९० अंशाच्या प्रत्येक वळणाला १० सेंटीमीटर वजा करायचे, आणि केबल इंजिनाच्या वरखाली होणाऱ्या नळीतून जाणार असेल तर १५ मिळवायचे. वळणाची त्रिज्या २० सेंटीमीटरच्या आत नको. आखूड वळणातून गेलेली केबल पहिल्या दिवशी थोडी जड वाटते आणि दुसऱ्या वर्षी अडकते, बहुधा धक्क्याला लागताना.

कन्सोलला नुसत्या प्लायवूडमध्ये स्क्रू मारून उभं करू नका. लाटेत सगळे त्यालाच धरतात. त्याचे पाय फ्लोअरखालच्या अँगलपर्यंत बोल्टने जायला हवेत, मागे पत्र्याची पट्टी देऊन. काम झालं की मी चाक दोन्ही हातांनी धरून मागे रेलतो, अंगाचं सगळं वजन टाकून. कुरकुरलं तर उघडून पुन्हा.

आता फ्लोअरची चौकट. बोटीच्या तळाला ज्या आडव्या फासळ्या आहेत त्यांवर चौकट टेकवायची, मधल्या पत्र्यावर नाही. पत्र्यावर टेकलेला पाय प्रत्येक आपटीला त्याच जागी घाव घालतो. पाण्याच्या रेषेखाली नवं भोक पाडायचं नाही. फासळीच्या उभ्या कडेला किंवा बाकाच्या भिंतीला अँगल जोडता येतो. अगदीच नाइलाज असेल तर बंद तोंडाचे रिव्हेट आणि पॉलियुरेथेन सीलंट. बाथरूमला लावतात ते व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन ॲल्युमिनियमला खातं. पत्रा वाकवायचा असेल तर ५०५२ या मिश्रधातूचा घ्या, सरळ अँगल-चॅनल ६०६१ चे. ६०६१-टी६ चा पत्रा घट्ट वाकवला की कोपऱ्यावर तडकतो, आणि वेल्डिंग केलं की शेजारचा भाग मऊ पडतो, म्हणून चौकट मी शक्यतो बोल्ट-रिव्हेटनेच जोडतो.

काम सुरू करण्याआधी, बोट रिकामी असताना, तिला ट्रेलरवर नीट टेकवून आत १० सेंटीमीटर पाणी भरा आणि खाली झोपून बघा. कुठे थेंब धरतोय तिथे खडूने गोल करा. फ्लोअर बसल्यावर हे बघायला मिळणार नाही. १० सेंटीमीटरच्या वर भरू नका. पाणी शेकडो किलो होतं, आणि ट्रेलर ते सांभाळायला केलेला नसतो. याच वेळी ट्रान्समच्या लाकडावर हातोडीने हलके टिचकी मारत जा. टणटण आवाज ठीक. भद्द आवाज आला तर फ्लोअरचा विचार पुढे ढकला, आधी ते लाकूड बदला.

प्लायवूड की ॲल्युमिनियमचा पत्रा? दोन मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला ५.४ किलो, म्हणजे १२ मिलिमीटर प्लायवूडपेक्षा हलका, पण त्याला आधार जवळ जवळ लागतात, तो वाजतो आणि उन्हात तापतो. पैसे आणि अवजारं असतील तर पत्रा. नाहीतर चांगलं मरीन प्लायवूड, सगळ्या बाजूंनी, विशेषतः कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं, इपॉक्सीने बंद करून. एक मात्र पक्कं: वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं हिरवट लाकूड ॲल्युमिनियमजवळ आणायचं नाही. त्यात तांबं असतं. माझा पहिला फ्लोअर मी मोठ्या अभिमानाने तसल्याच लाकडाचा केला, सडणार नाही म्हणून. दोन हंगामांनी फळी उचलली तर लाकूड नव्यासारखं, आणि खाली जिथे जिथे ते टेकलं होतं तिथे पांढरी भुकटी. भुकटी पुसली तर पत्र्यात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. लाकूड वाचलं, बोट गेली म्हणायची वेळ. तांब्याचं नाणं, पितळेचा नट, शिशाची वजनं असं काही तळात पडून ओलं राहिलं तरी तेच होतं, म्हणून फ्लोअरच्या फटीतून खाली पडलेलं शिसं हे फक्त हरवलेलं शिसं नसतं. स्टेनलेसचे स्क्रूसुद्धा कोरडे घालू नका. मधे नायलॉनची वायसर आणि गंजरोधक पेस्ट.

फ्लोअर तीन तुकड्यांत करा आणि प्रत्येक तुकडा दहा मिनिटांत निघाला पाहिजे. कडेला बोटभर फट ठेवा. पाणी मागे जायला खालून मोकळी वाट, आणि सगळ्यात खोल जागी पंप, वर उघडणारं झाकण. “बाहेर पाणी आपोआप जाईल अशी भोकं ट्रान्समला पाडू का?” असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. नको. त्यासाठी फ्लोअर बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या वर हवा. तुमचा फ्लोअर भरलेल्या बोटीत त्या पातळीच्या खाली किंवा जेमतेम बरोबरीला असेल, आणि त्या भोकांतून पाणी आत येईल.

आवरणाबद्दल फार बोलत नाही: गालिचा नको. ओला राहतो, वास मारतो आणि गळ त्यात असा अडकतो की सुरीच लागते. खरबरीत विनाइल किंवा फिक्या रंगाचा ईव्हीए फोम चालतो.

विजेचं थोडंच सांगतो, पण ते टाळू नका. बोटीच्या पत्र्याला ऋण तार म्हणून वापरायचं नाही, प्रत्येक दिव्याला आणि पंपाला दोन्ही तारा बॅटरीपासून स्वतंत्र. फ्यूज बॅटरीपासून १८ सेंटीमीटरच्या आत. तार पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी कडं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फ्लोअरखाली साचते, म्हणून हलवता येणारी टाकी फ्लोअरखाली किंवा बंद कन्सोलमध्ये कोंडायची नाही. बॅटरी तिच्याशेजारी नको.

सगळं झाल्यावर पहिल्या दिवशी एकट्याने, टाकी अर्धी ठेवून जा. वजन पुढे गेल्यामुळे इंजिनाच्या तिरकेपणाची खीळ एक भोक इकडेतिकडे करावी लागेल. पूर्ण थ्रॉटलला इंजिन त्याच्या पुस्तकातल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकायला हवा ते अंतर) एक-दोन इंचांनी कमी करा. एक इंचाला मिनिटाचे साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. परत आल्यावर मधला तुकडा उचलून खाली किती पाणी आहे ते बघा, चाकाचे आणि कन्सोलचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि पुढे कॅनच्या दिवसाइतकीच माणसं आणि सामान घेऊन काठ ते पाणी हे अंतर त्या दिवशीच्या आकड्याशी ताडून बघा. तीनेक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक पडला असेल तर कुठेतरी तुम्ही जास्तीचं लाकूड घातलं आहे.

तुम्ही लिहिलेल्या मापांत फासळ्यांमधलं अंतर नाही. ते आणि कण्यापासून ८, १० आणि १२ सेंटीमीटरवर आतली रुंदी किती भरते, हे चार आकडे मोजून सांगा, म्हणजे अँगल किती आणि कुठे ते सांगतो.